तुझा आयपॉड अजून माझ्याकडंच आहे

लातूर,
रविवार, दुपार (लाईट गेलीय)

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नको, सगळे बरे आहेत. माझी शुगर गोळीवर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच. तुझा आयपॉड टच, ॲपलचं ते गाण्यांचं आणि गेमचं खिशातलं यंत्र, सापडला म्हणून लिहायलोय. हो, तोच, आठ दिवसांत परत देतो म्हणून नेलेला. किती वर्षं झाली ते मोजू नको, मीही मोजली नाहीत. मेसेजवर हे सांगायचं धाडस होईना.

आणि तो फुगलाय. डाव्या कडेला काच उचललीय, फटीत नख जातंय. आत बॅटरीनं दम धरलाय म्हणायचं. चार्जिंगला लावलेला नाही, लावणारही नाही.

गॅरेजच्या पायरीवरचं भांडण आठवतंय ना? तू म्हणायचास हातातलं गेमचं यंत्र म्हणजे हेच. मी म्हणायचो गाणी वाजवायच्या डब्यावर बोटं घासली म्हणून कुणी गेम खेळणारा होत नाही. दाद्यानं दोघांनाही पाने देऊन नट पिळायला बसवलं होतं, तरी तू थांबला नव्हतास. आता यंत्र समोर आहे आणि तू नाहीस, म्हणून एकट्यानंच दोन्ही बाजू लढवायलोय.

ताकदीच्या बाबतीत तू बरोबर होतास, हे आधी लिहून टाकतो. तेव्हाची हातातली खरी गेमची यंत्रं दोन, निन्टेंडोचं डीएस आणि सोनीचं पीएसपी. डीएसमध्ये ६७ आणि ३३ मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आणि मेमरी फक्त ४ एमबी. पीएसपीला ३३३ मेगाहर्ट्झ आणि सुरुवातीला ३२ एमबी. तुझ्या चौथ्या पिढीच्या टचमध्ये ए४ चिप, २५६ एमबी आणि ९६० बाय ६४० चा पडदा. डीएसचा एक पडदा २५६ बाय १९२. सप्टेंबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं मंचावरून सांगितलं की आयपॉड टच निन्टेंडो आणि सोनी दोघांच्या हातातल्या गेमयंत्रांच्या मिळून खपापेक्षा जास्त खपतो, तेव्हा तू माझी पाठ थोपटलीस, जशी काही माझी मुंज लागली होती. पण खप हा पुरावा नव्हे रे. गाण्यासाठी घेतलेलं यंत्रही त्याच आकड्यात मोजलं जातं. जत्रेतल्या एमपी५ मध्येही, त्या स्वस्त गाण्या-व्हिडिओच्या डब्यात, मारिओ होताच की, म्हणून तो काय गेमचं यंत्र झाला? त्याच्या दाबाच्या पडद्याला एका वेळी एकच बोट कळायचं. दोन बोटं टेकवली की मधलीच कुठलीतरी जागा दाबली जायची.

माझा मुद्दा अंगठ्याचा होता आणि तो अजूनही उभा आहे. साडेतीन इंची पडदा आडवा धरला की रुंदी सुमारे ७४ मिलिमीटर. डावीकडं दिशांचा चौकोन, उजवीकडं दोन बटणं, प्रत्येक अंगठ्याखाली २० मिलिमीटर गेले तर बघायला उरले ३४. म्हणजे निम्म्याहून जास्त रुंदीवर आपलेच अंगठे. गेम बघायचा की अंगठे?

त्याहून वाईट म्हणजे काचेवर अंगठ्याला कड लागत नाही. दिशांचं अधिक-चिन्हाचं बटण गुनपेई योकोईनं १९८२ च्या गेम अँड वॉचमध्ये आणलं. त्याच्या मधोमध टेकू असतो, त्यावर बटण डुलतं, म्हणून डावं दाबलं की उजवं वर उचललं जातं आणि दोन्ही एकदम लागत नाहीत. खाली रबर असतं, रबराला कार्बनची टिकली, ती बोर्डावरच्या पट्ट्यांना टेकली की सर्किट पुरं. बोटाला ते सगळं न बघता कळतं. काचेवर अंगठा खेळता खेळता दोन-तीन मिलिमीटर सरकतो, तुला पत्ता लागत नाही, आणि कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये पळत, उडी मारत, तिरप्या गोळ्या झाडायच्या ऐन वेळी गडी उभाच राहतो. तू म्हणायचास मला जमत नाही. अरे, तुलाही जमत नव्हतं. तू फक्त दुसरे गेम खेळायचास.

इथंच खरी मेख आहे आणि ती मला तेव्हा दिसली नाही. तुझ्या टचवरचा इन्फिनिटी ब्लेड बघ. डिसेंबर २०१० चा. त्यात चौकोन नाही, अ-ब बटणं नाहीत. बोट ओढलं की तलवार फिरते, वार कुठून येतोय ते बघून ढाल किंवा बाजूला सरकणं. काचेवर सरकायचं हेच जिथं खेळणं आहे तिथं अंगठा सरकण्याची तक्रार कसली? तो डीएसच्या बटणांवर खेळायला दिला तर उलट त्याचीच कुचंबणा. तेव्हा खेळणं गंभीर की पोरकट हे यंत्रावर नाही, गेम कशासाठी बांधलाय त्यावर. बटणांसाठी बांधलेला गेम काचेवर चिकटवला की तो नकलाकार. काचेसाठी बांधलेला गेम मात्र डीएसच्या बरोबरीनं बसतो. हे मी मान्य केलं. तारीख लिहून ठेव.

(बाहेरून बटणं जोडता येतील, असं तू म्हणशीलच. ॲपलनं गेम कंट्रोलरची सोय आयओएस ७ पासून, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपासून दिली, २०१३ ला, आणि तुझं यंत्र ६.१.६ च्या पुढं जातच नाही. त्याआधीचा आयकेड, बाहेरून जोडायचा बटणांचा डबा, चालेल. तो स्वतःला ब्लूटूथ कीबोर्ड म्हणवतो, वर दाबलं की डब्ल्यू पाठवतो, सोडलं की ई. पण ज्या गेमनं ती अक्षरं ऐकायची तयारी ठेवलीय तिथंच. इन्फिनिटी ब्लेडला त्याचा उपयोग शून्य.)

आता काळजीचं. ज्या गेमनं तू मला हरवायला निघालास तो विकायचाच बंद झाला. डिसेंबर २०१८ मध्ये दुकानातून काढला. नव्या यंत्रांवर तर आयओएस ११ नं २०१७ मध्ये जुन्या बांधणीचे, म्हणजे ३२-बिट, सगळे गेम एका फटक्यात बंद केले. डीएसची कॅसेट कुठल्याही चालू डीएसमध्ये घाल, कुणाचा पासवर्ड लागत नाही. तुझे गेम मात्र तुझ्या खात्याला बांधलेले आणि या एका फुगलेल्या डब्यात बसलेले. म्हणजे शेवटी मीच जिंकलो असं म्हणता आलं असतं, पण मजा येईना.

म्हणून करायचं ते सांगतो, चुकत असेन तर टोक.

आधी बॅटरी, कारण ती बदलल्याशिवाय चालू करणं नको. डेटाची भीती नाही, तो फ्लॅश मेमरीत आहे, बॅटरी काढली तर फार तर घड्याळ मागं जातं. बाहेर एकही स्क्रू नाही, काच डिंकानं चिकटवलेली. नेहमी हॉट एअर मारतात, पण फुगलेल्या लिथियमवर ते नको. केसांच्या ड्रायरनं कडा कोमट करायच्या आणि जिथं आधीच उचललंय तिथून प्लास्टिकची पट्टी सरकवायची. काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटलेले आहेत, तडा गेला तर दोन्ही गेले. उचलल्यावर झटका द्यायचा नाही, पडद्याची चपटी वायर (रिबन) बोर्डाला अडकलेली असते. बॅटरी ९३० एमएएचची, कनेक्टर नाही, तीन टोकं थेट बोर्डाला सोल्डर केलेली. एकेक करून सोडवायची, शेजारच्या दोन टोकांवर कथिल पसरू द्यायचं नाही. खाली डिंक असतो, तिथं टोकदार काही खुपसायचं नाही, प्लास्टिकनं हळू. हे काम मी पहाटे करणार. यंत्र ३५ अंशांपर्यंतच वापरायचं असं कंपनीच सांगते, आणि इथं दुपारी पत्र्याखाली काय असतं ते तुला सांगायला नको.

मग संगणक. साध्या बॅकअपवर विसंबायचं नाही, त्यात गेमची जतन केलेली प्रगती येते, गेम येत नाहीत. ॲपलच्या संगणकावरच्या आयट्यून्स प्रोग्रॅमच्या १२.७ आवृत्तीनं ॲप हाताळणंच काढून टाकलं, म्हणून १२.६.५ हवं. यंत्र जोडायच्या आधी सेटिंगमध्ये आपोआप सिंक होऊ नये ही खूण करायची. विसरलो आणि ‘इरेज अँड सिंक’ विचारल्यावर हो म्हटलं, की सगळं साफ. अपडेट करू का विचारेल, नाही म्हणायचं. रिस्टोअरला तर हातच लावायचा नाही. मग संगणकाला तुझ्या खात्याची परवानगी द्यायची, म्हणजे ऑथराइझ करायचा (पाच संगणकांची मर्यादा आहे, कुठं कुठं केलंयस?) आणि फाइल मेनूतून ट्रान्सफर परचेसेस. गेम आयपीए फायली (ॲपची पाकिटं) होऊन मोबाईल ॲप्लिकेशन्स नावाच्या फोल्डरात येतील. त्या दोन ठिकाणी ठेवतो.

चार्जर इथला स्वस्तातला वापरणार नाही. त्याची गळती पडद्यात उतरते आणि बोट न लावता गेम आपोआप खेळायला लागतो. तुझी हायस्कोअरची गुपितं तिथंच असावीत असा मला संशय आहे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, कुलपाचे चार आकडे. तुझ्या जुन्या लुनाचा नंबर होता ना? उगीच अंदाज मारत बसत नाही, तू दहा चुकांनंतर पुसायची सोय चालू ठेवली असशील तर संपलं. दोन, खात्याचा पासवर्ड. दुहेरी पडताळणी असेल तर तुझ्या फोनवर सहा आकडी कोड येईल आणि आयट्यून्सनं तो वेगळा विचारला नाही तर पासवर्डच्या मागं लगेच जोडून टाकावा लागेल. कोड थोडाच वेळ चालतो, म्हणजे त्या वेळी तू फोनवर पाहिजेस. पासवर्ड मेसेजवर लिहू नको, तोंडी सांग.

नोकरी बदललीस असं ताईकडून कळलं, बरं केलंस. पोरीची दहावी यंदा का पुढच्या वर्षी? वहिनींना नमस्कार.

पुढच्या रविवारी अकरा ते एक आमच्याकडं लाईट असते. तेव्हा फोन कर. आणि आधीच सांगतो, उघडल्यावर इन्फिनिटी ब्लेड एकदा मी खेळणार, मगच कुरिअर.

तुझा,
पम्या