मुद्दल वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कॉलेजच्या जिमखाना समितीच्या इतिवृत्तात तुमचं काम 'सदस्यांनी सूचना मांडली' एवढ्यावर उरकलंय.

एका माजी विद्यार्थ्याने मृत्युपत्रात आमच्या जिमखान्यासाठी रक्कम ठेवली, तेव्हा कॉलेजात कसं वारं शिरलं होतं ते तुम्ही पाहिलंत. कुणाला काचेची जिम हवी होती, कुणाला सिंथेटिक ट्रॅक. दादरच्या आमच्या मैदानात चारशे मीटरचा ट्रॅक मावतच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलंही असेल, पण कोनशिलेवर नाव लागायची वेळ आली की कोण बोलतो! तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दहा वर्षांनी तो ट्रॅक उखडून नवा टाकावा लागेल. तेव्हा कोण मरणार आहे?"

हसू आवरेना, पण विषय तिथेच मिटला.

मग बँकेतल्या नोकरीचा सगळा अनुभव तुम्ही कामाला लावलात. मुद्दल ठेवीत, हात लावायचा नाही. सात टक्के धरले तर कोटीमागे वर्षाला सात लाख. त्यातला चौथा हिस्सा महागाईपोटी परत मुद्दलात, आणि उरलेल्यातले निम्मे मुलींच्या खेळांना. या शेवटच्या अटीवर किती कुरकुर झाली, ते इथे लिहीत नाही.

पहिल्या वर्षी कबड्डीची मॅट घेतली. तुम्ही स्वतः बँकेच्या संघातून खेळलेल्या, तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या मुली सराव करायच्या मातीवर आणि स्पर्धा व्हायच्या मॅटवर. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट पकडून ठेवतो. चढाईत झटकन वळताना पाऊल जागच्या जागी राहतं आणि गुडघा फिरतो. मुलींचं मैदान बारा बाय आठ मीटर. तेवढे तुकडे जोडायला मुलींना आता पंधरा मिनिटंही लागत नाहीत. परीक्षा आली की उचलायचे, पावसाळ्यात हॉलमध्ये अंथरायचे. मुंबईत मैदान कधी कुणाला भाड्याने जाईल याचा नेम नाही, तिथे उचलून नेता येईल अशाच वस्तूत पैसा घालावा, हे तुमचं म्हणणं मला सोळा आणे पटलं.

पण मनापासून आभार मानायचेत ते फिजिओबद्दल. जिन्याखालची खोली, जिथे मोडके कॅरम बोर्ड पडलेले असायचे, तिथे आता एक टेबल आणि बर्फाची पेटी आहे. आठवड्यातून दोन सकाळी फिजिओ येतात. पूर्वी गुडघा दुखला की पोरी क्रेप बँडेज गुंडाळून खेळायच्या आणि घरी सांगायच्या नाहीत, कारण सांगितलं की खेळ बंद. विरारची आमची कोपरारक्षक, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून पकड करणारी पोरगी, आता आधी त्या खोलीत जाते, मग माझ्याकडे येते. सरावानंतर अंडी-केळी मिळतात, त्यामुळे नुसत्या वडापाववर लेक्चरला बसणंही थांबलंय.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपण ती गोष्ट दरवर्षी क्रीडादिनाला अभिमानाने सांगतो. मला मात्र ती ऐकून दरवेळी संस्थांचीच लाज वाटते.

एका बाबतीत तुमच्याशी अजूनही भांडण आहे. क्रिकेटच्या नेट्सना तुम्ही सरळ कात्री लावलीत. 'क्रिकेटला पैसे देणारे पुष्कळ आहेत' हे खरं, पण ते आमच्या तिसऱ्या फळीतल्या पोरांपर्यंत पोचत नाहीत. पोरं अजून माझ्यावरच डाफरतात!

जुलैत समिती बदलतेय. इमारतीचा विषय पुन्हा निघणार, नकाशेही तयार आहेत म्हणे. तुमचं हिशेबाचं दोन पानी टिपण मी झेरॉक्स करून प्रत्येक नव्या सदस्याला देणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरलीय. आणि बैठकीला पाहुण्या म्हणून बोलावणं येईल, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमचा,
जिमखान्यातला कबड्डीचा प्रशिक्षक