नवीन वेबसाइट करा, पण जुन्या पानांचे पत्ते मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली कुठलीही संस्था असो, दर काही वर्षांनी वेबसाइट नवीन करून घेते, आणि घ्यावीच, जुनं डिझाइन मोबाइलवर धड दिसत नाही, सीएमएस, म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं नसतं, हॅक व्हायची भीती असते. पण नवीन साइट लाइव्ह झाली की सगळे होमपेजचं कौतुक करतात आणि जुन्या शेकडो पानांचे पत्ते त्याच रात्री बंद पडलेत हे कोणी बघतच नाही. मग काही महिन्यांनी बोंब होते की गूगलवरून येणारे लोक कमी झाले, आता चांगला एसइओवाला, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणून देणारा, शोधा. अहो, एसइओचं निम्मं काम साइट हलवतानाच करायचं असतं, ते तेव्हा नाही केलं तर नंतर कितीही पैसे ओता.

होतं काय, की वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या प्रत्येक सीएमएसची पानाला पत्ता द्यायची पद्धत वेगळी. वर्डप्रेसमध्ये त्याला पर्मालिंक म्हणतात, साध्या सेटिंगमध्ये पत्त्याच्या शेवटी नुसता एक आकडा येतो, दुसऱ्या सेटिंगमध्ये तारीख आणि लेखाचं शीर्षक येतं. ड्रुपलमध्ये काही वेगळं ठरवलं नसेल तर नोड आणि पुढे आकडा. त्यामुळे एका सीएमएसमधून दुसऱ्यात गेलात की मजकूर अक्षरशः तोच राहिला तरी पत्ता बदलतो. आणि सर्च इंजिन पान ओळखतं ते पत्त्यावरून. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची, म्हणजे पानाचं महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवरून ठरवायची, कल्पना मांडली तेव्हापासून दुसऱ्या साइट्सनी दिलेल्या लिंक हा गूगलचा मोठा आधार आहे, आता इतर बरेच निकष आलेत पण लिंक अजूनही मोजल्या जातात. त्या सगळ्या लिंक जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असतात आणि तिथे आता ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संदेश, येतो, म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेलं नाव एका रात्रीत गेलं.

यावर उपाय जुना आणि साधा आहे, ३०१ रीडायरेक्ट. सर्व्हरला सांगायचं की हे पान कायमचं तिकडे गेलंय, मग वाचकही तिथे पोचतो आणि सर्च इंजिनही. त्यासाठी काम सुरू व्हायच्या आधी जुन्या पत्त्यांची यादी काढायची, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), सर्च कन्सोल (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) आणि सर्व्हरचे लॉग (कोणती पानं मागितली गेली त्याची नोंद) तिन्ही बघून, आणि एक्सेलमध्ये एका रकान्यात जुना पत्ता, शेजारी नवा. काम कंटाळवाणं आहे म्हणूनच टाळलं जातं, आणि पीडीएफ तर हमखास राहून जातात. काही डेव्हलपर शॉर्टकट मारतात, सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर वळवतात. ते चूक आहे, असं वळवलेलं पान गूगल सापडलं नाही असंच धरू शकतं, आणि वाचकाला हवा असलेला लेख मिळत नाही तो नाहीच.

अजून एक. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या सूचीत घेऊ नये, अशी एक टिक असते. टेस्टिंगच्या कॉपीवर ती हवीच, पण लाइव्ह करताना काढायची विसरली तर साइट दिसायला झकास आणि सर्चमधून हळूहळू गायब, आणि कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

अशा वेळी घाबरलेल्या माणसाला पहिल्या नंबरची गॅरंटी विकणारे भेटतात, याचा मला खरंच राग येतो. गूगलने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. काही जण तर अजून कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, भरायचे पैसे घेतात, रँकिंगसाठी तो टॅग आपण वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय!

तेव्हा वेबसाइटचं काम देणाऱ्यांनी कंत्राटातच लिहून घ्यावं की रीडायरेक्टची यादी आणि लाइव्ह झाल्यावर ४०४ चा रिपोर्ट दिल्याशिवाय शेवटचं बिल मिळणार नाही. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणेन जमेल तितकी वर्षं ठेवा, कारण कोणाच्या ईमेलमधली किंवा छापील पुस्तकातली लिंक कोणी बदलायला जात नाही.

आणि संपादक महोदय, ही विनंती वर्तमानपत्रांनाही आहे. विकिपीडियाच्या तळटीपांमध्ये बातम्यांच्या कितीतरी लिंक असतात, पेपरची साइट बदलली की त्या मरतात आणि मग वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात, कॉपी निघाली तर निघाली. तुमच्याकडे पुढच्या वेळी सीएमएस बदलायचं ठरेल तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये जुन्या बातम्यांच्या पत्त्यांचं काय करणार हे विचारा, आणि ते काम कोणाकडे आहे त्याचं नाव तिथेच ठरवून घ्या.

आपली,
एक नियमित वाचक