पाठीला माती लावून घेणारा

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळं सांगितलंस आणि मी "जाऊ दे गं, होतं असं" म्हणून मोकळा झालो. ते माझं चुकलं. तू चार महिने राबून ज्या मुलाचं प्रेझेंटेशन उभं केलंस, त्याला इंटर्नशिप मिळाली. आता तिथलं काम त्याला झेपत नाही म्हणून तो रोज रात्री तुला फोन करतो, आणि तू स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याचं करत बसतेस. हे "जाऊ दे" म्हणण्यासारखं नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या ॲडमिशनच्या कागदावर अमेरिकेतल्या रॉचेस्टरचं नाव पहिल्यांदा वाचलं, तेव्हा आई तिथली थंडी किती ते बघत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच तारीख आली, ७ ऑक्टोबर १९८६. तेव्हा सांगितलं नाही, कारण तू लहान असताना टेन स्पोर्ट्सवर ती अमेरिकन कुस्ती लावायचीस आणि मी "ही कसली कुस्ती, सगळं ठरलेलं" म्हणून टीव्ही बंद करायचो. त्यातला कुस्तीगीर ब्रेट हार्ट २०१० च्या जानेवारीत इतक्या वर्षांनी परत आला, त्या दिवशी तू रडली होतीस. मला त्याचं नावही धड माहीत नव्हतं. रॉचेस्टरच्याही आधी तू शिकायला बाहेरगावी गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा मी तो सगळा जुना पसारा बघायला लागलो. तालमीत वाढलेला माणूस आहे मी. लाल मातीवरची निकाली कुस्ती हीच कुस्ती, असं मानणारा. पण बघत गेलो तसं कळलं, की त्या लोकांकडेही एक विद्या आहे आणि तिचा अर्धा भाग हरणाऱ्याकडे असतो.

तुझ्या गावात, जेनेसी नदीच्या काठी जो ब्लू क्रॉस अरीना आहे ना, तो पूर्वीचा वॉर मेमोरियल. तिथे त्या दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीच्या, टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. अशा चित्रीकरणाला जोडून एखादी जोड टीव्हीवर न दाखवण्यासाठीच लावतात. तिला डार्क मॅच म्हणतात. नवा गडी तपासायचा असतो. प्रेक्षक समोर असतात, पण खरी परीक्षा पडद्यामागे बसलेली ऑफिसची माणसं घेत असतात.

त्या दिवशीचा नवा गडी होता टॉम मगी. कॅनडाच्या विनिपेगचा, सहा फूट पाच इंच उंच. १९८२ च्या 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' स्पर्धेत दुसरा आलेला. एवढ्या देहाचा माणूस जागच्या जागी उलटी कोलांटी मारायचा. दिसायला देखणा, अंग तर मूर्तीसारखं. मालक विन्स मॅकमहनना अशीच धिप्पाड शरीरं आवडायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाचा चॅम्पियन हल्क होगनचं राज्य जोरात होतं आणि त्याच्यानंतर कोण, हा विचार अशा धंद्यात कायम चालू असतो. मगीकडे फक्त एक गोष्ट नव्हती. त्याला कुस्ती येत नव्हती.

त्याच्यासमोर उभा केला ब्रेट हार्टला. कॅलगरीच्या स्टू हार्टचा मुलगा. घराच्या तळघरात बापाने तालीम केली होती, तिला डंजन म्हणायचे. ब्रेट लहानपणापासून त्या जाजमावर घासून निघालेला. पण १९८६ साली तो जिम नाइडहार्टबरोबर जोडीत, म्हणजे दोघांविरुद्ध दोघे अशा कुस्त्या खेळणारा एक गडी होता, त्याहून जास्त कोणी नाही. त्याला काम दिलं होतं हरायचं, आणि हरताना मगी मोठा दिसला पाहिजे असं हरायचं.

आता ते काम कसं करतात ते तुला सांगतो, कारण हे बघायला मला फार वेळ लागला. मोठा गडी लहान गड्याला उचलून आपटतो, तेव्हा अर्धी उचल लहान गड्याची असते. तो नेमक्या क्षणी पायांनी उडी घेतो, उचलणाऱ्याच्या अंगावर हात रोवून स्वतःचं वजन वर देतो. बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! मानेला विळखा पडतो तेव्हा तोंड खाली असतं, आणि तिथेच कानात पुढचा डाव सांगितला जातो. नवख्याने कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, लोक ओरडत असताना किती वेळ थांबायचं, हे सगळं मार खाणारा चालवतो. ब्रेट तर कोपऱ्यातल्या गादीवर पाठीऐवजी छातीने जाऊन आदळायचा. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो. त्या आवाजाचं श्रेय कोणाला जातं? ज्याने फेकलं त्याला.

त्या दिवशी असंच झालं. मगी जिंकला, हॉल उसळला, आणि मॅकमहनना पुढचा चॅम्पियन सापडल्यासारखं वाटलं, असं सांगतात. मग त्याला दुसऱ्या साध्या गड्यांसमोर उतरवलं, तिथे सगळं उघडं पडलं. पाय अडखळायचे, डावात डाव बसायचा नाही, मधल्या वेळात काय करायचं तेच कळायचं नाही. नंतर तो मेगामॅन नावाने गावोगावच्या शोमध्ये खेळला, पण ज्या गादीसाठी त्याला आणला होता, तिच्या जवळपासही पोचला नाही.

ती कुस्ती टीव्हीवर आलीच नाही. बघितलेले लोक सांगत राहिले आणि ऐकणारे शोधत राहिले. तेहेतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ब्रेटकडच्या जुन्या टेपांमधून ती सापडली आणि मे महिन्यात कंपनीने स्वतःच दाखवली. मी रात्री दोन वाजता उठून बघितली. आई म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, झोप. पण मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो, तालमीत होतो. आमच्याकडे एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा आला. अंगापिंडाने असा, की हौद्यात उतरला की बाकीची पोरं जोर थांबवून बघायची. बापाने तालमीच्या खुराकाचा खर्च उचलला होता. वस्तादांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ह्याला जरा खेळव. उमेद आली पाहिजे." खेळव म्हणजे काय, हे तालमीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी रोज पहाटे त्याच्याबरोबर जोर करायचो. तो पटात शिरला की मी पाय अर्धा इंच उशिरा मागे घ्यायचो. त्याने ढाक मारली की मीच कंबर सैल सोडायचो. माझ्या पाठीला माती लागायची, तो उठून शड्डू ठोकायचा, पोरं ओरडायची, आणि वस्ताद कट्ट्यावर बसून मान डोलवायचे. खरं सांगतो, मला त्यात अभिमान वाटायचा. इतकं बेमालूम पडणं दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.

तीन महिन्यांनी एका जत्रेच्या मैदानात त्याची जोड मोठ्या पैलवानाबरोबर लावली. इनाम मोठं होतं, बापाची माणसं दोन ट्रक भरून आली होती. हलगी सुरू झाली, सलामी झाली. समोरच्याने हाताला हात लावला आणि मी आमच्या गड्याचा चेहरा बघितला. त्याने पट धरला होता आणि समोरचा पाय हलतच नव्हता. तो तिथेच थांबून राहिला. पाय हलला नाही तर पुढे काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण माझा पाय रोज हलला होता. दोन मिनिटांत चीत झाला. खांदा निखळला तो वेगळाच. पुन्हा तालमीत आला नाही. वस्ताद मला काही बोलले नाहीत. पोरंही बोलली नाहीत. मीही नाही.

म्हणून मगीची कुस्ती बघताना लोक ब्रेटची कमाल बघतात आणि मी मगीकडे बघतो. त्याला त्या रात्री कोणी सांगितलं असेल का, की ह्यातलं तुझं किती आणि दुसऱ्याचं किती?

दुसरी एक कुस्ती तुला माहीत आहे, १९ मे १९९६ ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली. तीही टीव्हीवर नव्हती. केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल दुसऱ्या कंपनीत निघाले होते, म्हणून ते दोघे, शॉन मायकल्स आणि हंटर (पुढचा ट्रिपल एच) असे चौघे मित्र शेवटी रिंगमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडले. वैरी म्हणून खेळणारे लोकांसमोर मित्र निघाले. प्रेक्षकांतल्या कोणीतरी कॅमेरा लपवून आत नेला होता, म्हणून ते जगाला दिसलं. दोघे निघूनच चालले होते, शॉन चॅम्पियन होता, त्याला हात कोण लावणार? सगळी शिक्षा उरलेल्या एकट्या हंटरच्या वाट्याला आली. पुढच्याच महिन्यातली किंग ऑफ द रिंग स्पर्धा त्याच्याऐवजी स्टीव्ह ऑस्टिनला दिली गेली, आणि ऑस्टिनचं नशीब तिथून उघडलं. ऑफिसचा न्याय असा चालतो. चूक चौघांची असली तरी पावती त्याच्याच नावाने फाटते, जो हाताशी सापडतो. तू म्हणालीस ना, की काम उघडकीला आलं तर तो मुलगा तुझंच नाव पुढे करील? करू शकतो. हे धरून चाल.

पण ब्रेटचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेव. मगीला मोठं करून तो गप्प आपल्या जोडीत परत गेला. पाच-सहा वर्षं रोज रात्री वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या उंचीच्या, वजनाच्या आणि अकलेच्या माणसांबरोबर चांगली कुस्ती करत राहिला. १२ ऑक्टोबर १९९२ ला कॅनडात सास्काटूनला त्याने रिक फ्लेअरला हरवलं आणि पहिल्यांदा चॅम्पियन झाला. तीही कुस्ती टीव्हीवर नव्हती! बोट निखळलेलं असताना त्याने ती पूर्ण केली. मॅकमहनना आवडायचं तसलं शरीर त्याच्याकडे तेव्हाही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ज्याला दुसऱ्यासाठी पाडलं होतं, त्याच्याच कमरेला शेवटी चॅम्पियनचा पट्टा बांधावा लागला. आणि पाच वर्षांनी मॉन्ट्रियलला त्याच मालकाने, तो हरलेला नसतानाच, कुस्ती संपल्याची घंटा वाजवायला लावून तो फसवून काढून घेतला, हेही खरं आहे. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. चांगलं काम करणाऱ्यालाही फसवतात. पण त्याच्याकडे विद्या होती, ती घंटा वाजवून कोणाला काढून घेता आली नाही.

तुझंही तसंच आहे. त्या मुलाचं प्रेझेंटेशन उभं करताना तू जे शिकलीस ते तुझं आहे, त्याची काळजी मला वाटत नाही. मला काळजी आहे ती रोज रात्रीच्या फोनची. तू त्याचा कोड लिहून देतेस, म्हणजे अर्धा इंच उशिरा पाय मागे घेतेस. उद्या तिथे तू नसशील, आणि समोरचा पाय हलणार नाही. त्याचा फोन आला की उचल, पण लिहून देऊ नकोस. त्याला लिहू दे, चुकू दे, तू नुसतं बघ आणि कुठे चुकलं ते सांग. आणि त्याला तोंडावर सांग, की ते प्रेझेंटेशन कोणी केलं हे मला माहीत आहे आणि तुलाही. प्राध्यापकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण सांगायचं ठरवलंस तर आधी त्याला सांगून मग जा. मागून जाऊ नकोस. राग धरू नकोस असं मी म्हणत नाही, राग येणारच.

गेल्या वर्षी खासबागला मैदान होतं. वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तर शेजारी एक पांढऱ्या मिशांचा माणूस येऊन बसला. उजवा खांदा किंचित खाली. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. ऊस, पाऊस, पोराबाळांचं बोलणं झालं. खाली दोन पोरांची खडाखडी चालली होती. तिकडेच बघत तो म्हणाला, "तेव्हा तू मुद्दाम पडायचास न्हवं?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षांनी. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मला एकदा तरी आपटायचं हुतंस की लेका." आणि खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

त्याच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, आम्ही दोघं जाणार आहोत. तुझ्या मेतकुटाचा डबा आईने पार्सलात घातलाय, वरच्या कप्प्यात आहे, आधी तो काढ. आणि वेळ मिळाला की नदीकाठच्या त्या हॉलसमोर जाऊन एक फोटो काढ. तू फोटोत असलीच पाहिजेस. थंडी असेल तर कानटोपी घालून जा.

तुझा,
बाबा