घरकुलाची मातीची भिंतही पक्कीच धरा

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला गवंडी. बावीस वर्षं हातात थापी आहे. तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका विधवा बाईचं घरकुल आम्ही सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटांनी बांधायला घेतलं. भिंत खिडकीच्या चौकटीपर्यंत आली. तपासणीला आलेले अभियंता म्हणाले, "ही मातीची भिंत आहे, हप्ता निघणार नाही." भिंत उतरवावी लागली. भट्टीच्या विटा तिनं उधारीवर आणल्या. उतरवलेल्या विटांचा मी तिला गोठा बांधून दिला. त्याला गिलावा नाही. तीन पावसाळे काढूनही त्या विटांच्या कडा आज बोटाला टोचतात.

साहेब, ही वीट म्हणजे चिखलाचा गोळा नव्हे. मुरमाड माती चाळायची, वजनाच्या पाच ते दहा टक्के सिमेंट कोरडंच मिसळायचं, मग बेतानं पाणी. मुठीत गोळा दाबून कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. न फुटता चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट धरायच्या आत हातयंत्रात दाबायची आणि ताडपत्रीखाली तीन-चार आठवडे ओली ठेवायची. आठ किलोच्या विटेत सिमेंट अर्धा किलोच्या आसपास. कोळसा नाही, लाकूड नाही, भट्टीचा धूर नाही.

मात्र कपाशीची काळी माती याला चालत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, थोड्याशा सिमेंटला दाद देत नाही. आमचा पहिला घाणा असाच वाया गेला. तिच्यात रेती-मुरूम भरपूर घालावा लागतो, नाहीतर चुना वापरावा लागतो. जुन्या लोकांनी शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हटलं ते मातीची पारख होती म्हणूनच. आणि जोतं दगडाचं, छपराची वळचण पुढे आलेली हवी. त्यात कसूर केली तर ही भिंतही खचेल.

या विटेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७२५ हे मानक आहे, २०१३ साली ते सुधारलंही गेलं. भिजलेल्या विटेची ताकद कशी मोजायची ते त्यात दिलंय. मग नुसता रंग पाहून भिंत कच्ची का ठरवायची? केंद्राच्या निकषानं सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात. तेवढ्यात घर उभं करणाऱ्याला स्वतःच्या गावातली माती नाकारू नका.

आयएस १७२५ च्या चाचणीत उतरलेल्या विटेची भिंत पक्की धरावी, एवढं परिपत्रकात स्पष्ट लिहा. तालुक्याला एक हातयंत्र द्या आणि माती-वीट तपासायची सोय जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनात करा. नापास झालेली वीट आम्हीच बाजूला टाकू.

हे परिपत्रक दिवाळीच्या आत निघावं, ही विनंती. उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायलाच पाणी पुरत नाही, विटांना कुठून घालणार? त्या हिवाळ्यातच पाडून घ्याव्या लागतात.

आपला,
एक गवंडी