आई-बाबा, मी पबच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा आईने जेवणाचं विचारलं आणि मी जेवणाचंच सांगून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

दोन गोष्टी आहेत. इथे लिव्हरपूलच्या हॉस्पिटलात वॉर्डातली वरची जागा मला मिळाली आणि मंगळवारी मी सही करून टाकली. म्हणजे दिवाळीनंतर कायमची येते म्हणाले होते ते आता दोन-तीन वर्षं तरी लांबलं. दुसरी गोष्ट, मी खोली बदलली. नवी खोली एका पबच्या वरच्या मजल्यावर आहे.

बाबा, इथे चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा. बापूकाकांनंतर आपल्या घरात तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही, हे मला माहीत आहे. त्या रात्री मी जागीच होते, तुम्हाला वाटलं होतं झोपले. मी एक थेंबही घेतलेला नाही आणि घेणार नाही. तुमच्या गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगितलं असतं, आता एवढ्या लांबून नुसतं लिहिते.

जुन्या खोलीत भिंतीला काळी बुरशी आली होती. घरमालकाला चार महिने सांगत होते, तो रंग मारून जायचा आणि पंधरा दिवसांत ती परत यायची. माझा खोकला तुम्ही फोनवर ऐकला होता, मी थंडीचा आहे म्हणाले. तो थंडीचा नव्हता. इथे भिंती कोरड्या आहेत, हीटर चालतो, खिडकी पूर्वेला आहे. हॉस्पिटल चालत बारा मिनिटांवर, त्यामुळे रात्रपाळी संपली की बसची वाट बघत उभं राहावं लागत नाही. जिना वेगळा, दार वेगळं, त्याला दोन कुलपं. खालचं अकराला बंद होतं. मी बहुतेक रात्रपाळीची, दिवसा झोपणारी, आणि दिवसा खाली चिटपाखरू नसतं. मालकीणबाई साठीच्या आहेत, संध्याकाळची पाळी असली की माझ्या बुटांचा आवाज जिन्यात ऐकूनच त्या झोपायला जातात. आई, एवढं तुला पुरे व्हावं.

खाण्याचं म्हणशील तर इथे स्काऊस नावाचा एक रस्सा असतो. खलाशांचं जेवण ते, मटण, बटाटा, गाजर, कांदा एकत्र शिजवलेलं. त्यावरूनच लिव्हरपूलच्या माणसांना स्काउझर म्हणतात. मटण परवडायचं नाही तेव्हा नुसत्या भाज्यांचं करायचे, त्याला 'आंधळं स्काऊस' म्हणतात. मालकीणबाई माझ्यासाठी तेच करतात, वेगळ्या पातेल्यात, वर बिटाचं लोणचं. तुझ्या वरणाची सर नाही, पण गरम असतं आणि पोटभर असतं. ज्वारीचं पीठ इथल्या दुकानात मिळतं. भाकरी आता फुगते.

आता मी इथे का थांबले ते सांगते. पगार वाढला हे खरं, पण तेवढ्यासाठी तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला नसता.

माघात आमच्या वॉर्डात एक आजोबा आले. 84 वर्षांचे, आयुष्य गोदीत गेलेलं, आणि आता स्मृतिभ्रंश. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते उठून बसायचे, हाताची सुई ओढायचे. म्हणायचे, "मला बिग हाऊसला जायचंय, तो थांबलाय." मला वाटलं मोठं घर म्हणजे मुलाचं घर असेल. तसं मी कागदावर लिहूनही ठेवलं. मुलगा नव्हताच त्यांना. दोन दिवस आम्ही त्यांना "मुलगा येईल हं" म्हणत राहिलो आणि ते आणखी चवताळत राहिले. तिसऱ्या दिवशी वॉर्ड पुसणाऱ्या बाई, इथेच जन्मलेल्या, फरशीवरून मान वर न करता म्हणाल्या, "बिग हाऊस म्हणजे व्हाइन्स गं. लाइम स्ट्रीटवरचा."

व्हाइन्स हा स्टेशनजवळचा 1907 सालचा पब. पाटीवर जुन्या मालकाचं आडनाव आहे, पण एवढ्या मोठ्या, नक्षीदार इमारतीला इथल्या माणसांनी आपलं नाव ठेवलं ते बिग हाऊस. त्या संध्याकाळी मी आजोबांजवळ बसले आणि एवढंच विचारलं, "बिग हाऊसमध्ये तुम्ही कुठे बसायचात?" सुईवरचा हात सुटला. त्यांनी पांघरूण तळहाताने सपाट केलं आणि नखाने त्यावर रेघ ओढली, ही लाइम स्ट्रीट. मग दार. मग लाकडी बाक. मग बोट पार गुडघ्यापर्यंत नेऊन तिथे गोल काढला, म्हणजे मागच्या दालनाच्या छतातला रंगीत काचेचा घुमट. त्या गोलावर बोट ठेवूनच त्यांना झोप लागली.

सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन आले. घुमट आहे, बरोबर त्यांनी दाखवला तिथेच.

तेव्हापासून मी ही नावं गोळा करते. वॉर्डातली म्हातारी माणसं पाटीवरची नावं विसरतात, तोंडातली नावं राहतात. होप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फिलहार्मोनिक म्हणून पब आहे. बांधायला 1898 ला घेतला, दोन वर्षं लागली. 2020 साली त्याला सरकारने वारसा इमारतींतला सगळ्यात वरचा दर्जा दिला. लोकांच्या तोंडी तो नुसता 'फिल'. स्टेशनला लागून, नाटकगृहाजवळ, 'मा एगर्टन्स' आहे. मा म्हणजे आईच, तो चालवणाऱ्या बाईंवरून पडलेलं नाव. बाई जाऊन किती वर्षं झाली, नाव तेच. पीटर कॅव्हनाज तर मालकाच्याच नावाने ओळखला जातो, त्या माणसाने तो अर्ध्या शतकाहून जास्त चालवला. राइस स्ट्रीटवर 'ये क्रॅक' आहे. क्रॅक म्हणजे फट, एवढीशी जागा होती म्हणून. त्यात एक लहानशी खोली आहे, तिला 'वॉर ऑफिस' म्हणतात. बोअर युद्ध चालू असताना ज्यांना सारखं लढाईबद्दल बोलायचं असे त्यांना त्या खोलीत पाठवत. आमच्या एका आजी कुणी जास्त बोललं की अजून म्हणतात, "जा, वॉर ऑफिसात जा."

पबांनाच नाही, हे शहर सगळ्यालाच नावं देतं. गोदीच्या कडेने खांबांवरून जाणारी रेल्वे होती, 1893 ते 1956. खालून गोदीकामगार पावसात न भिजता चालत जायचे, म्हणून तिचं नाव 'डॉकर्स अम्ब्रेला', हमालांची छत्री. गोदीत माणसांनाही नावं असत. एका मुकादमाचं नाव होतं 'आळशी वकील', कारण तो कायम केसवर बसलेला असे, म्हणजे मालाच्या खोक्यावर. बाबा, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवलं. कोर्टात तुमच्या नाझरकीच्या टेबलाशी कितीतरी जणांना अशी नावं पडलेली होती आणि तुम्ही ती घरी येऊन सांगताना आधी स्वतःच हसायचात.

दारू ती दारूच, हे मी विसरलेले नाही. आमच्याच वॉर्डाशेजारी पिवळ्या डोळ्यांची माणसं असतात, चाळिशीतली, आणि त्यांच्या बायकांच्या हातात फळांच्या पिशव्या. ते बघितलं की मला आपली ओसरी आठवते. पण या आजोबांना घोट नको होता. त्यांना त्यांची बसायची जागा हवी होती, आणि ती कुठली हे कळणारं कुणीतरी.

आई, आजी शेवटी शेवटी "मला चिंचेखाली न्या" म्हणायची ना? चिंच तोडून वीस वर्षं झाली होती, तिथे दूध डेअरी उभी होती. तू तिला डेअरीच्या पायरीवर नेऊन बसवायचीस, पदराने वारा घालायचीस, आणि ती शांत व्हायची. मी दप्तर घेऊन शेजारी बसायचे. मला हे काम कुणी शिकवलं असेल तर तिथे, त्या पायरीवर.

मागच्या महिन्यात बाबा म्हणाले, "तिकडच्यांचं करतेस ते चांगलंच आहे." पुढचं बोलला नाहीत. ते न बोललेलं मी पाळीवर जाता-येता रोज ऐकते आहे. माझ्याकडे त्याला पुरेसं उत्तर नाही. एवढं लिहिते की तुमच्यापैकी कुणाला माझी गरज लागली तर सही केलेला कागद मला अडवणार नाही, एक महिन्याची नोटीस देऊन निघता येतं. हे मी सहीच्या आधी विचारून घेतलं होतं.

पालखी यंदा विमानतळाच्या मैदानावर पोचली तेव्हा मी मोबाईलवर बघत होते. बाबा, तुमच्या खांद्यावर बसून मी अश्व बघितला होता, तुमच्या टोपीचा पुठ्ठा माझ्या मुठीत चुरगळला होता. तुम्ही काही म्हणाला नव्हतात. यंदा गर्दीत उगाचच तुमची टोपी शोधत बसले.

आता नीट ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, जेवताना आठवली म्हणून नाही. उपास बंद, एकादशीलाही, डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं आहे. पायाच्या बोटांमधे रोज रात्री बघायचं, जखम दिसली तर हळद नाही, दवाखाना. आई, तू माळ्यावर चढायचं नाहीस. गोधड्या काढायला दादाला सांग, त्याला जमलं नाही तर वहिनीला, पण शिडी तू लावायची नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. झोपताना गॅस खालून बंद. बँकेचा म्हणून कुणाचाही फोन आला तर ठेवून द्यायचा आणि दादाला सांगायचं. मी रागावून लिहीत नाहीये, लांब आहे म्हणून जोरात लिहिते आहे.

वैशाखात तुम्ही दोघं इथे यायचं. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले आहेत. तेव्हा इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आईला जिना चढायला लागेल, तेवीस पायऱ्या, मधे खुर्ची ठेवायला जागा आहे, मी मोजून बघितली. आणि बाबांना वाटलं की अशा ठिकाणी राहायचं नाही, तर तेवढे दिवस आपण दुसरीकडे खोली घेऊ. मी आग्रह करणार नाही.

एक काम द्यायचं होतं. बाबा, एक वही घ्या, मोठ्या रेघांची, आणि आपल्याकडची अशी सगळी नावं लिहून काढा. तिकटी, बारवेकडं, तांबडं रान, आजोबा ज्याला 'वरलं घर' म्हणायचे ते, जी आता नकाशावर नाहीत तीही. कुठे होतं, कुणी नाव दिलं, आता तिथे काय आहे. आई सांगेल, तुम्ही लिहा. लगेच लागणार आहे म्हणून नाही. मला हवी आहे, माझ्याजवळ असू दे.

मंगळवारी सुट्टी आहे, तुमच्या दुपारी चारला फोन करते. तोवर पहिलं पान झालं असलं तर वाचून दाखवा.

तुमची,
चिमी