बाबा, ते भंगार नाहीये

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा जे म्हणाले ते काही डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी आज पोरगी झोपल्यावर बसले टाइप करायला. दादा, तू याची प्रिंट काढून दे त्यांना, मोबाईलवर त्यांना वाचवत नाही, आणि तू मोठ्याने वाचून दाखवतोस तेव्हा मधलं मधलं गाळतोस हे मला चांगलं माहितीये.

तर बाबा. "पैसे देऊन पैसे विकत घेतेस, आणि तेही न चालणारे?" असं म्हणालात. निखिल तेव्हापासून येता जाता ऐकवतोय. ते ठीक, पण वर "भंगार" म्हणालात ना, ते जरा लागलं, आणि तेही तुमच्याकडून, कारण खरं सांगू का, जुनी रोमन नाणी जमवायचा हा नाद मला तुमच्यामुळेच लागलाय. कसा ते सांगते.

आधी हिशोब देऊन टाकते म्हणजे आईचा जीव खाली पडेल. पहिलं नाणं घेतलं ते १२ पौंडांना. इथे एक बरा पिझ्झा तेवढ्याला येतो. लोकांना वाटतं रोमन नाणं म्हणजे सोन्याची मोहर, काचेच्या पेटीत, कोट्यवधीची. तशीही असतात, पण रोमन लोकांनी तांब्याची, पितळेची चिल्लर एवढी पाडलीये, शतकानुशतकं, की ती अजून शेतातून निघतेच आहे. माझं पहिलं नाणं आपलं गेंड्याचं चाराणे होतं ना, त्याच्यापेक्षा जरासं लहान. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, म्हणजे रोम शहराची देवी, आणि पाठीमागे लांडगीण, तिच्या अंगाखाली दोन बाळं दूध पितायत, वर दोन चांदण्या. रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांची गोष्ट आहे ती. लांडगिणीच्या खाली अगदी बारीक तीन अक्षरं, टी आर पी. आई, तुझ्या मालिकांचा टीआरपी नव्हे गं. टी आर म्हणजे ट्रियर, आता जर्मनीत आहे ते गाव, आणि पी म्हणजे तिथल्या टांकसाळीतला पहिला विभाग. म्हणजे नाणं हलकं निघालं तर कुठल्या खात्याला धरायचं ते नाण्यावरच लिहिलेलं! एसटीच्या तिकिटावर डेपो असायचा तसंच की. सन ३३० नंतरचं नाणं आहे, कॉन्स्टंटाईन बादशहाच्या वेळचं, आणि हे सगळं मी भिंग घेऊन ओट्यापाशी उभं राहून वाचलं, भात करपला त्या दिवशी.

आणि हा कॉन्स्टंटाईन आमच्याच गावचा म्हणायचा. त्याचा बाप ३०६ साली इथे यॉर्कमध्ये वारला आणि सैन्याने इथेच याला बादशहा केलं. मोठ्या चर्चच्या बाजूला त्याचा ऐसपैस बसलेला पुतळा आहे, पोरं त्याच्या पायाशी बसून चिप्स खातात. मी कामाला जाताना रोज त्याच्यासमोरून जाते. सहा वर्षं जात होते आणि ढुंकूनही बघितलं नव्हतं, आता खिशात नाणं असलं की हळूच त्याला दाखवते. हसू नका.

पण मला बादशहांचं तेवढं नाहीये. मला आठवतो तो तुमचा बोर्नव्हिटाचा डबा. रात्री कंडक्टरच्या ड्युटीवरून आलात की बॅग सतरंजीवर उपडी करायचात आणि आम्ही दोघं ढीग लावायचो, आठाण्याचे वेगळे, चाराण्याचे वेगळे. आणि गर्दीत कोणीतरी गळ्यात मारलेलं गुळगुळीत, चेपलेलं, नाहीतर भलत्याच देशाचं नाणं निघालं की तुम्ही "हं, आज हा बकरा आपणच" म्हणून ते डब्यात टाकायचात आणि तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून भरायचात. मला ती न चालणारीच जास्त आवडायची. तुम्ही न बघता, नुसतं बोटांनी सांगायचात, हे खोटं आहे.

इथे एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा नाणीवाल्यांची बैठक असते, सगळे सत्तरीचे, चहा आणि बिस्किटं आणि मी. तिथे एक आजोबा आहेत, रेल्वेत होते आयुष्यभर. मागच्या वर्षी मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून चांदीचं नाणं घेतलं होतं, स्वस्तात मिळालं म्हणून खूश होते. आजोबांनी ते दोन बोटांत धरलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले हे साबणासारखं लागतंय. मग कडेला साच्याची बारीक रेघ दाखवली. खरं नाणं घणाचा घाव घालून पाडलेलं असतं, ओतलेलं नसतं, त्यामुळे रेघ आली की संपलं. ३५ पौंड गेले. पण मी त्यांच्या बोटांकडेच बघत राहिले बाबा, हुबेहूब तुमच्यासारखी.

तुम्ही म्हणाल वाजवून का नाही बघितलं. मी पण तेच विचारलं तर आजोबा खुर्चीतून उठलेच! दोन हजार वर्षं मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते म्हणे, टेबलावर आपटलं तर खणखणीत वाजायच्या ऐवजी दोन तुकडे होतील. आणि खोटी नाणी त्या काळातही होतीच. आत तांबं, वरून चांदीचा पत्रा. अशी जुनी खोटी नाणीसुद्धा लोक हौसेने जमवतात, माझ्याकडे एक आहे, नाकावरची चांदी उडून आतलं तांबं दिसतंय, बादशहाला सर्दी झाल्यासारखा दिसतो.

आता मजा ऐका, ही खास तुमच्यासाठी. सेप्टिमियस सेव्हेरस नावाचा बादशहा, तो पण यॉर्कलाच मेला, २११ साली. मरताना पोरांना सांगून गेला म्हणे की आपसात जमवून घ्या, सैनिकांना पैसा द्या, बाकीच्यांची पर्वा करू नका. सैनिकांना पैसा द्यायचा तर आणणार कुठून, म्हणून त्याने आधीच चांदीच्या नाण्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली होती. थोरला कॅराकॅला, त्याने आपसात जमवणं सोडाच, वर्ष संपायच्या आत धाकट्या भावाला मारून टाकलं, आणि मग २१५ साली नवीन नाणं काढलं, डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. ते चालवायचं दोन नाण्यांच्या किमतीला, आणि चांदी त्यात साधारण दीड नाण्याची. तुमच्या भाषेत, दीड रुपया देऊन दोनचं तिकीट. पुढे पन्नासेक वर्षांत त्या नाण्यात चांदी नावाला उरली, तांब्याच्या नाण्याला वरून चांदीचा हात मारायचे, चार हातांत फिरलं की काळं. माझ्याकडे अशी दहा बारा आहेत, ओळीने लावून ठेवलीत, महागाई डोळ्यांनी दिसते.

लोक काय मूर्ख नसतात, त्यांनी जुनी चांगली नाणी दाबून ठेवली. कुठे ठेवणार, मडक्यात, जमिनीत. २०१० साली इथे फ्रोम गावाजवळच्या शेतात एका माणसाला धातू शोधायच्या यंत्राने मडकं सापडलं, त्यात ५२,५०३ नाणी! ती मडक्यासकट १६० किलो भरली. त्या माणसाने थोडं उकरलं, काय आहे ते कळलं आणि पुन्हा माती लोटून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, हे मला सगळ्यात भारी वाटतं. आपण असतो तर फावडं आणायला पळालो असतो, मी तर नक्कीच. आमच्या इकडच्या यॉर्कशायर म्युझियममध्येही असं एक मडकं आहे, २०१४ ला सापडलेलं, १,८५७ नाण्यांचं, कॉन्स्टंटाईनचा बाप वारला त्याच सुमारास पुरलेलं. राजा मेला, पुढे काय होईल सांगता येत नाही, पुरून ठेवा, असं कोणीतरी बायकोला म्हणालं असणार, आणि परत काढायला आलंच नाही. मी काचेपाशी उभी होते आणि मला उगाच गहिवरून आलं.

पण सगळ्यात लाडकं नाणं कुठलं विचाराल तर ते दिसायला सगळ्यात भिकार आहे. २७० च्या पुढे दहा पंधरा वर्षं इथे सुट्ट्यांची एवढी टंचाई झाली की लोकांनी घरच्या घरी नाणी पाडली. करंगळीच्या नखाएवढी, बादशहाचं तोंड आपल्या ओवीने पहिलीत काढलेल्या माणसासारखं, मुकुटाचे किरण म्हणजे फणी, आणि भोवतीची अक्षरं म्हणजे नुसत्या काड्या, कारण पाडणाऱ्याला लिहितावाचता येत नसावं. आणि ती चालायची! सगळ्यांना कळत असणार की हे सरकारी नाही, पण पाव तर घ्यायचाय, सुट्टे तर हवेत. वाण्याकडे सुट्टे नसले की चॉकलेट हातावर ठेवतो तसं. तुम्ही तिकिटाच्या मागे "७५ पैसे देणे" लिहून द्यायचात आणि लोक उतरताना ते दाखवून मागायचे, आठवतंय? ते नाणं हातात घेतलं ना की मला तेच आठवतं, सिन्नरची गाडी, आणि तुम्ही पंच दांडीवर वाजवत "सुट्टे काढा, सुट्टे काढा" करत मागे येताय.

आपल्याकडचं पण सांगते नाहीतर म्हणाल हिला तिकडचंच कौतुक. हे रोमन पैसे आपल्याकडे येतच होते की. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी लिहून गेलाय की भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी बदलून घेतली की फायदा होतो, आणि त्याच बंदरात पैठणहून आणि तेरहून माल यायचा. दिनार हा शब्द त्यांच्या देनारियस नावाच्या चांदीच्या नाण्यावरूनच संस्कृतात आला. आणि आपल्या नाशिकजवळचं जोगलटेंभी, तिथे १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपान राजाची, त्यांच्यावर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. नहपानाला हरवलं आणि त्याचीच नाणी घेऊन वरून शिक्का, वितळवायचासुद्धा त्रास घेतला नाही. पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचा लेख आहे, दोन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे ठेवलेत, दरमहा शेकडा एक व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. एफडीच की! शाळेची सहल तिथे तीनदा नेली, हे कोणी सांगितलं नाही, आम्ही पायऱ्या मोजल्या आणि डबा खाल्ला.

आई, आता तुझ्यासाठी. एक नाणं मी माझ्या वाढदिवसाला घेतलंय, हे जरा महाग, ५५ पौंड, निखिलला माहितीये. ज्युलिया डोम्ना, त्या सेव्हेरसची बायको, मूळची सिरियाची, नवऱ्याबरोबर इथल्या थंडीत येऊन राहिली होती. तिच्या केसांची रचना बघशील तर बघतच राहशील, लाटा लाटा करून मागे एवढा मोठा अंबाडा. मागच्या बाजूला जूनो देवी आणि तिच्या पायाशी मोर. अगदी बारीक, पण मोरच. मला तुझ्या पैठणीचा पदर आठवला.

आणि आता महत्त्वाचं. जुन्या नाण्याला चिंच, लिंबू, मीठ, राख काहीही लावायचं नाही. तुला ते वर चढलेलं हिरवं तपकिरी बघवणार नाही हे मला माहितीये, पण तेच तर त्याचं अंग आहे, ते गेलं की नाणं गेलं. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवते, मधे मधे पाणी बदलायचं, मग लाकडी टूथपिकने एकेक कण काढायचा. एका नाण्याला तीन महिने लागलेत. मातीतून आधी नाक आलं, मग डोळा. त्या रात्री मी निखिलला उठवून दाखवलं, तो "हां हां छान" म्हणून झोपला. मातीसकट किलोवर विकतात ती नाणी मात्र आता घेत नाही, कुठून चोरून उकरलेली असतात देव जाणे, आता कागद असेल तरच.

दादा, तुझ्याकडे काम आहे. माळ्यावर तो बोर्नव्हिटाचा डबा असेल, पितळी घंगाळाच्या मागे असायचा. तो खाली काढ आणि एकेका नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठव. नाणी पोस्टाने पाठवू नकोस हां, शंभर वर्षांच्या वरचं एखादं निघालं तर आपल्याकडे देशाबाहेर काढायला बंदी आहे. मे महिन्यात येतेच आहे, तेव्हा बाबांबरोबर सतरंजीवर बसून लावू. अंजनेरीच्या नाण्यांच्या म्युझियमलाही जायचंय, बाबा, तुमचा ज्येष्ठ नागरिकाचा पास काढून ठेवा.

डब्यात एक भोकाचा पैसा होता, मी तो करगोट्याला बांधून हिंडायचे म्हणून आई ओरडायची. तो आहे का आधी बघ. असला तर तो माझा, दादा, आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
मनू