धरण भरायची घाई नको: जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय: कृष्णा खोऱ्यातील धरणांचे पावसाळी परिचालन

महोदय,

‘कोयना नव्वद टक्के’ ही बातमी आली की कालव्यावरच्या गावांचा जीव भांड्यात पडतो आणि शिरोळ-सांगलीकडे पोटात गोळा येतो. दोघांचेही बरोबर आहे. आमची मागणी एकच: ऑगस्टच्या मध्यापर्यंत कोयनेत पुरासाठी जागा सक्तीने मोकळी ठेवावी आणि ती ठेवली की नाही, हे लोकांना रोज दिसावे.

हिशेब साधा आहे. कोयनेचा पाणलोट सुमारे ८९२ चौरस किलोमीटरचा. त्यावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि दहावा हिस्सा जिरला, तर धरणात साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी येते. एक लाख क्युसेकचा (सेकंदाला एक लाख घनफूट) विसर्ग अखंड चोवीस तास चालला, तर ८.६४ टीएमसी जाते. म्हणजे १०५.२५ टीएमसीचे धरण काठोकाठ असेल, तर आलेले पाणी जवळपास तसेच कऱ्हाडकडे सोडावे लागते. दहा टीएमसी जागा असेल, तर तेवढा दिवस दरवाजे लावून ठेवता येतात.

‘२०२१ च्या जुलैत कोयना भरलेली नव्हती, तरी पूर आलाच ना?’ असे यावर विचारले जाते. आला. धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटावर कुणाचा दरवाजा नाही. तिथला लोंढा उतरत असताना वरून भर पडू नये, याचसाठी ही जागा हवी.

जागा करायलाही वेळ लागतो, हे मंत्रालयातून दिसत नसावे. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली, म्हणजे वक्र दरवाजांच्या तळाखाली असले, तर नदीकडे जायला मुख्यतः धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची वाट उरते. तिची क्षमता २,१०० क्युसेक. त्या वाटेने एक टीएमसी काढायला साडेपाच दिवस! त्यामुळे पाणी माथ्याच्या वर चढले आणि पुढच्या तीन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज असला, की त्याच दिवशी वक्र दरवाजांतून थोडेथोडे सोडायला लागावे. दहा हजार क्युसेक सलग पाच दिवस सोडले, तर सव्वाचार टीएमसीहून अधिक जागा होते आणि नदी पात्रातच राहते. तेच काम मध्यरात्री एकदम लाखाच्या विसर्गाने करायची वेळ येते, तेव्हा नियोजन आधीच चुकलेले असते.

धरणात केव्हा किती पाणी ठेवायचे याची परिचालन सूची आहे, पंधरवड्यागणिक पातळ्याही ठरलेल्या आहेत. मग ती मोडते का? पाणी सोडले आणि मागाहून पाऊस रुसला, तर कार्यकारी अभियंत्याला नोटीस. धरण भरून ठेवले आणि पूर आला, तर दोष ‘अतिवृष्टी’चा. अशात शहाणा माणूस काय करील? सूचीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्यावर तूट आली तरी कारवाई होणार नाही, असा लेखी आदेश आपण काढावा. सूचीतली पातळी, प्रत्यक्ष पातळी आणि फरकाचे कारण रोज सकाळी जाहीर करावे.

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या राधानगरी धरणाचे दुखणे वेगळे. तिथले सातही दरवाजे स्वयंचलित. पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, एकेकातून सुमारे १,४२८ क्युसेक. धरण भरल्याशिवाय ते हलतच नाहीत, त्यामुळे आधी जागा करणे त्यांच्या हातात नाही. पंचगंगेला नेमका पूर असतानाच आणखी दहा हजार क्युसेक येऊन मिळतात. इथे हुकमी उघडता येतील असे दरवाजे हवेत.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) मृगाच्या आधी निघालेच पाहिजेत. अडकलेल्या बरग्यांवर झाडे, जलपर्णी तटते आणि पाणी बगलेने काठ फोडून वाट काढते. ऑक्टोबरात घालतानाची तऱ्हा उलटी: रबरी पट्ट्या झिजलेल्या, बरगे वाकलेले, काही भंगारात गेलेले. मग रब्बीचे पाणी फटींतून वाहून जाते आणि धरणातून जादा आवर्तन मागितले जाते. मेमध्येच बरग्यांची मोजदाद आणि पट्ट्यांची खरेदी व्हावी.

पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, ही मागणी रास्त आहे. जत-आटपाडीचे तलाव जरूर भरावेत. पण त्याने पूर उतरेल असे भाषणात सांगू नये. पुराचा दोन लाख क्युसेकचा प्रवाह म्हणजे दिवसाला १७ टीएमसीहून अधिक. कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाला उचलून देणाऱ्या म्हैसाळ योजनेची वर्षभराची तरतूद साधारण तेवढीच आहे.

कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाशी तासातासाचा संपर्क हवाच. पण आपल्या धरणांची रोजची पातळी आपणच झाकून ठेवली, तर कर्नाटकाकडे कोणत्या तोंडाने मागायची?

शेवटचे, बिनखर्चाचे. ‘विसर्ग ५० हजार क्युसेक’ या निरोपावरून आमणापूरच्या शेतकऱ्याला काही उमगत नाही. त्याला फूट कळतात. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५ फूट धोक्याची पातळी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३. २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले होते. कोयनेचे पाणी सांगलीला पोचायला दिवसभर तरी लागतो. तेवढ्यात नदीकाठची मोटर आणि स्टार्टर काढता येतो, जनावरे हलवता येतात. दरवाजे उचलण्यापूर्वी, कोणत्या घाटावर किती वाजता किती फूट पाणी येईल, एवढा निरोप ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जावा. कोणत्या विसर्गाला कुठे किती फूट पाणी येते, याचे कोष्टक विभागाने १ जूनपूर्वी गावोगाव चावडीवर लावावे.

आपले,
कृष्णा-पंचगंगा काठचे काही पाणीवापरकर्ते व निवृत्त पाटबंधारे कर्मचारी